गुडघा नवा, पण कशासाठी?

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला येणाऱ्यांची वाक्यं अगदी ठरलेली असतात. हातातलं शहाळं टेबलावर ठेवता ठेवता पहिलं वाक्य येतं, 'आता जपायचं हं!' मग दुसरं, 'आता कशाला करायचीय धावपळ? झालं की सगळं तुमचं.' आणि निघताना, चपला घालत, आवाज जरा खाली आणून घरातल्या कुणाला तरी विचारलेलं तिसरं, 'मग स्वयंपाकाचं कधीपर्यंत जमेल म्हणायचं?'

माणसं मनापासून येतात, मनापासून बोलतात. त्यांच्यावर रागवायचं काहीच कारण नाही. पण नीट ऐकलं तर लक्षात येतं, या तीन वाक्यांत त्या बाईच्या नव्या गुडघ्याचं सगळं भवितव्य ठरून गेलेलं असतं. तिने एक तर खुर्चीत बसायचं, नाहीतर ओट्यापाशी उभं राहायचं. लाखभर किंवा त्याहूनही जास्त रुपये खर्चून, एवढं दुखणं सोसून बसवलेला गुडघा तिला आणखी कुठे घेऊन जाऊ शकेल, हा विचार कुणाच्या मनातही येत नाही. खरं सांगायचं तर तो तिच्या स्वतःच्या मनातही येत नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळी उरकल्यावर, माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते. 'दिवाळी उरकल्यावर' हे शब्द मुद्दाम लिहिलेत. अस्थिरोगतज्ज्ञांकडे गर्दी कधी असते हे विचारा, ते सांगतील. बाईचा गुडघा कितीही दुखत असला तरी आधी घरातलं लग्न होतं, मग नातवाची परीक्षा होते, मग गौरी-गणपती, दसरा, दिवाळी, आणि मग तिची पाळी येते. पाळी गेल्यानंतरच्या वयात गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसते, आणि तरी ऑपरेशनपर्यंत पोचायला बायकांनाच जास्त उशीर होतो. हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात झालेला एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की बायकांचं दुखणं आणि अडचण पुरुषांपेक्षा जास्त होती, पण सांधा बदलून घेतलेल्यांत बायका त्या मानाने कमी होत्या. त्यातली मला सर्वात टोचलेली गोष्ट ही की ऑपरेशनचा विषय डॉक्टरांकडे निघण्याचं प्रमाणच बायकांमध्ये कमी होतं. म्हणजे तिकडची बाईसुद्धा गप्पच!

तर आमचे डॉक्टर. ऑपरेशनची तारीख ठरवायच्या आधी ते प्रत्येकाला एक प्रश्न विचारतात, 'दुखणं थांबल्यावर काय करायचंय?' छोट्या गावात डॉक्टरांच्या खोलीत एका वेळी तीन-तीन पेशंट बसलेले असतात, त्यामुळे सगळ्यांची उत्तरं सगळ्यांना ऐकू येतात. माझ्या आधी एक गृहस्थ होते. ते पटकन म्हणाले, 'पहाटेचं टेकडीवर जाणं बंद पडलंय डॉक्टर, ते सुरू झालं पाहिजे.' त्यांच्यानंतरच्या बाई म्हणाल्या, 'दोन्ही वेळच्या पोळ्या उभ्याने करता आल्या म्हणजे झालं.' दुसऱ्या म्हणाल्या, 'नातीला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडता यावं.' दोघींच्या उत्तरात खोट काहीच नाही. पोळ्याही लागतात आणि नातही असते. पण त्या गृहस्थांच्या घरीही पोळ्या होतच असणार की! त्यांना टेकडी आठवली आणि यांना पोळ्या, एवढाच फरक.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, 'मला पोहायचंय.'

खोलीत क्षणभर शांतता. डॉक्टरांनी मान वर करून बघितलं. शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमान चालवायचं म्हटलंय.

कऱ्हाडजवळचं एक खेडं हे माझं माहेर. घरची विहीर होती. सहाव्या-सातव्या वर्षी काकांनी माझ्या पाठीला सुका भोपळा बांधला आणि दिलं पाण्यात सोडून. पाचव्या दिवशी भोपळा सुटला, तो कायमचाच. भावांच्या बरोबरीने मी सूर मारायची, मुटका मारायची. लग्न होऊन तालुक्याच्या गावी आले आणि पोहणं संपलं. पुढे चाळिशीत गावच्या तलावावर बायकांची बॅच सुरू झाली तेव्हा शाळेतल्या आम्ही चौघी शिक्षिका हिय्या करून गेलो, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं मी नेमाने पोहले. ते बंद पडलं तेही पाण्यात नव्हे, पाण्याबाहेर येताना. तलावाची ती उभी लोखंडी शिडी गुडघ्याला चढवेना. पाण्यात मासोळीसारखी आणि शिडीवर आजारी म्हातारीसारखी, असं किती दिवस चालणार? एकदा दोघींनी मला वर ओढून काढलं, त्यानंतर गेले नाही.

हे ऐकून डॉक्टर एवढंच म्हणाले, 'जमेल. पण व्यायाम तुम्हाला करावा लागेल, मी नाही करू शकत.'

या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे भलत्याच समजुती आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. अख्खा गुडघा कापून काढून तिथे लोखंडी गुडघा लावतात असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नसतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, यांचा झिजलेला पृष्ठभाग काही मिलिमीटर तासून काढतात. त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिकची चकती. गरज असेल तर वाटीच्या आतल्या बाजूलाही प्लास्टिकची गुंडी बसते. बाकी हाडं तुमचीच, स्नायूही तुमचेच. आणि खरी मेख तिथेच आहे. ज्या बाईने सहा-सात वर्षं दुखतंय म्हणून पाय वाचवत वाचवत काढली, तिच्या मांडीचे स्नायू पार दुबळे झालेले असतात. सांधा दीड-दोन तासांत नवा मिळतो. ताकद मात्र कुणी बसवून देत नाही. ती महिनोन् महिने कमवावी लागते.

'आणि टिकतं किती वर्षं?' हाही नेहमीचा प्रश्न. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे संपूर्ण गुडघेबदलाच्या शंभरातल्या सुमारे ८२ ऑपरेशन्समधले सांधे २५ वर्षं टिकतात. म्हणजे साठीच्या बाईने ते सांभाळत खुर्चीत बसून राहावं इतकं काही ते नाजूक नाही. खर्चाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्यात बसवायच्या या भागांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तोवर सरासरी दीड लाखाच्या वर जायचा, तो तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर इतका खाली आला. हॉस्पिटलचा खर्च वेगळा असतोच. म्हणून अंदाजपत्रक मागताना सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. तसं मागण्यात लाजायचं काही नाही.

एक आठवण तुमच्यापैकी अनेकींना असेल. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये झालं, उजव्याचं जून २००१ मध्ये. न्यूयॉर्कचे डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती केली. तेव्हा वर्तमानपत्रांत गुडघ्यांची चित्रं छापून आली होती आणि घरोघर चर्चा होती. दुसऱ्या ऑपरेशननंतर महिना-सव्वा महिन्यात, जुलैमध्ये, वाजपेयी आग्र्याला पाकिस्तानच्या मुशर्रफ यांच्याशी बोलणी करत होते. वय शहात्तर. त्यांना कुणी म्हटलं का, 'आता कशाला धावपळ, झालं की सगळं तुमचं'? त्यांना जायचं ठिकाण होतं, म्हणून गुडघ्यांना तिथवर जावंच लागलं. आपल्याला कुणी आग्र्याला बोलावणार नाही, हे मान्य. पण आपलं म्हणून एक ठिकाण ठरवायला काय हरकत आहे?

ठिकाण ठरवायचं ते केवळ हौस म्हणून नव्हे. त्याचा अगदी व्यवहारी उपयोग आहे, आणि तो ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत कळतो.

ते दिवस सोपे नसतात, उगाच खोटा धीर देत नाही. दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन उभं करतात. पावलं वरखाली करायची, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा, मांडी आवळून गुडघा गादीत दाबायचा, दिवसातून तीन-चार वेळा. रात्री झोप नाही, पाय सुजलेला, आणि सकाळी फिजिओथेरपिस्ट हसतमुखाने हजर! ती पोरगी माझ्या मुलीहून लहान. रोज कोनमापक लावून आकडा सांगायची. 'काकू, आज ७५.' 'काकू, आज ८२.' खुर्चीतून नीट उठायला नव्वदच्या पुढे गुडघा वाकावा लागतो, जिना नीट उतरायला जवळपास शंभर. मला तर तलावाची ती शिडी चढायची होती. मी मनात शिडीच्या पायऱ्या मोजायची आणि आणखी एकदा टाच ओढायची. समोर शिडी नसती तर ८२वर मी म्हटलं असतं, 'पुरे गं बाई, आता चहा घे.'

वाकण्याइतकंच महत्त्वाचं असतं पाय पूर्ण सरळ होणं. आणि इथे प्रेम आडवं येतं. दुखणाऱ्या गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली की फार बरं वाटतं. घरातली सगळी माणसं येता-जाता ती उशी ठेवतात. आमच्या ओळखीतल्या एका काकूंच्या गुडघ्याखाली अशी उशी दोन महिने होती. लेकाने ठेवलेली, सुनेने ठेवलेली, आल्या-गेल्याने नीट केलेली. परिणाम असा झाला की गुडघा थोडा वाकलेलाच राहिला आणि काकू आजही किंचित लंगडतात. उशी ठेवायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपोआप सरळ होतो. दुखतं, पण होतो. आमच्या घरी ह्यांनी दोनदा गुडघ्याखाली उशी सरकवली आणि दोनदा मी ती काढून टाकली. तिसऱ्यांदा ते वैतागून म्हणाले, 'बरं वाटावं म्हणून ठेवतोय ना!' मी म्हटलं, 'मला बरं वाटायला नकोय, बरं व्हायचंय.'

दुसरा अडथळा वेळेचा. पुरुष माणूस व्यायाम करत असला की घरात दबक्या आवाजात सांगितलं जातं, 'त्यांचा व्यायाम चाललाय, थांबा जरा.' बाई व्यायाम करत असली की पलंगाच्या कडेला पाहुणे बसतात, शेजारीण कोथिंबीर निवडायला घेते, आणि 'तू पडल्या पडल्या सांग, मीठ किती घालू' हे चालूच असतं. माझ्या नात्यातली एक बाई तीन आठवड्यांत ओट्यापाशी उभी राहिली. सगळ्या गोतावळ्यात तिचं केवढं कौतुक! पण त्या उभं राहण्यात तिचे व्यायाम राहून गेले, संध्याकाळी पाय सुजायचा, सुजला की वाकायचा नाही. तिचा गुडघा ऐंशीच्या आसपास अडकला. आता तिला जिना एकेक पायरी पाय जोडून उतरावा लागतो. कौतुक करणारे कधीच आपापल्या घरी गेलेत.

म्हणून मी घरात सांगून टाकलं होतं, 'सकाळी दहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सहा मी घरी नाही असं समजा.' सूनबाईने दारावर कागदच लावला. मुलगा पुण्याहून फोनवर हसला, पण सूनबाई नाही हसली. तिला नेमकं कळलं होतं. तिने दोन महिने पोळ्यांना बाई लावली आणि वर म्हणाली, 'आई, पोळ्या विकत मिळतात.'

खरा विरोध सुरू झाला तो मी पोहायला जाणार हे बाहेर कळल्यावर. जाऊबाई म्हणाल्या, 'एवढे पैसे घालून गुडघा बसवला तो काय पाण्यात बुडवायला? गंज चढेल ना!' गंज चढत नाही, हे त्यांना डॉक्टरांकडून फोनवर वदवून घ्यावं लागलं. मुलाचं म्हणणं, 'पडलीस तर?' यांचं म्हणणं, 'लोक काय म्हणतील?' हे यांनी शब्दांत नाही म्हटलं, पण चाळीस वर्षांच्या संसारानंतर शब्द लागतात कुठे?

यातला मुलाचा प्रश्न बरोबर होता, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. टाके निघाले, वरून जखम सुकली म्हणजे पाण्यात उतरता येतं असं नाही. जखम पूर्ण भरली आहे, कुठे ओल नाही, खपली नाही, हे डॉक्टरांनी स्वतः बघून सांगितल्याशिवाय तलाव, नदी, विहीर काहीही नको. नव्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर ते दुखणं फार वाईट. पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर 'बघू उद्या' न म्हणता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. परवानगी प्रत्येकीला वेगवेगळ्या वेळी मिळते. कुणाला दीड-दोन महिन्यांत, कुणाला आणखी उशिरा. मला ती मिळाली, पण थंडी सरेपर्यंत थांबून फेब्रुवारी २०२४च्या अखेरीस मी गेले.

आणि पडण्याची भीती पाण्यात नसतेच. ती असते काठावरच्या ओल्या फरशीवर. रबरी तळाची चप्पल पाण्याच्या कडेपर्यंत घालायची, कुणाचा तरी हात धरायचा, घाई करायची नाही. छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचा निम्म्याहून कितीतरी कमी भार येतो. गुडघ्याच्या दृष्टीने चालायला यासारखी जागा नाही. पहिले दहा-बारा दिवस मी पोहलेच नाही. नुसती दांडी धरून उथळ पाण्यात इकडून तिकडे चालायची. बॅचमधल्या मुली खोखो हसायच्या, मीही हसायची.

मग पोहायला लागले, तेव्हा आणखी एक गोष्ट शिकावी लागली. विहिरीत शिकलेल्या आम्हा बायकांना बेडकासारखे पाय बाहेर फेकून पोहायची सवय. त्यात गुडघ्याला पीळ बसतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला मनाई केली होती. मांडीपासून पाय सरळ हलवायचे, वरखाली. साठ वर्षांची सवय मोडून चौसष्टाव्या वर्षी नवीन पाय मारायला शिकणं म्हणजे काय ते मला विचारा! पहिल्या महिन्यात मी पुढे कमी आणि खाली जास्त जात होते. एप्रिल उजाडला तेव्हा कुठे एक आडवी लांबी न थांबता पार झाली.

आता पुन्हा सगळं पूर्वीसारखं झालं का? नाही. ज्यांना ऑपरेशन करायचंय त्यांनी हेही ऐकून ठेवावं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. चालताना कधी कधी आत टक् असं वाजतं. गुडघे टेकवून बसवत नाही. उडी मारणं, पळणं, फुगडीत गरागरा फिरून आपटणं हे आता नाही. माहेरच्या विहिरीत मुटका तर या जन्मी नाही. मे महिन्यात माहेरी गेले होते. भाचरं धपाधप उड्या मारत होती. मी काठावर पाय सोडून बसले होते. वाईट वाटलं. ते वाटणारच, आणि वाटू द्यावं. पण शिडी मात्र मी चढते. आठवड्यातून चार दिवस, माझी मी. कुणी ओढून काढावं लागत नाही.

कुणी म्हणेल, तुमचं ठीक आहे हो, पेन्शन आहे, तलाव आहे, पोळ्यांना बाई लावणारी सून आहे. खरं आहे. माझ्या गावापासून वीस किलोमीटरवरच्या खेड्यातल्या बाईला फिजिओथेरपिस्ट कुठून मिळणार? ऑपरेशनसाठी मदत मिळते, कर्जही मिळतं, पण नंतरच्या सहा आठवड्यांची सोय नसते, आणि ऑपरेशनचं निम्मं यश त्याच आठवड्यांत असतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट हवा, ही मागणी आपल्या महिला मंडळांनी लावून धरायला हवी. नगरपालिकेच्या तलावांना उभ्या शिडीशेजारी कठड्याच्या रुंद पायऱ्या हव्यात. बायकांची बॅच ऐन स्वयंपाकाच्या वेळेला ठेवण्याऐवजी अकरा-साडेअकराला हवी. यासाठी काही कोटी लागत नाहीत.

आणि पोहणंच हवं असं थोडंच आहे? माझ्या एका मैत्रिणीला पंढरीच्या वारीत चालायचं होतं. ती आता सबंध वाट नाही चालत, एक टप्पा चालते आणि पुढे गाडीने जाते. दुसरीला मंगळागौरीत उभं राहायचं होतं. ती झिम्मा खेळते, फुगडीच्या वेळी बाजूला होऊन गाणी म्हणते. तिसरीला फक्त शेताच्या बांधावरून एक चक्कर मारायची होती, आपणच लावलेली आंब्याची झाडं बघायला. खाली मांडी घालून बसायला यापुढे जमणार नाही हे कळल्यावर चौथी रडली होती. ती भजनाला स्वतःची खुर्ची घेऊन जाते. तिच्यामुळे आणखी सहा जणी आता खुर्च्या आणतात, ज्या गुडघ्यांपायी भजनाला यायच्याच बंद झाल्या होत्या. काय जमेल आणि काय नाही, हे ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. पण विचारायचं तर आधी आपल्याला काय हवंय ते माहीत पाहिजे ना!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, किंवा दिवाळीनंतर बघू म्हणून पुढे ढकललं असेल, तर एक करा. एका कागदावर लिहा, 'दुखणं थांबल्यावर मला हे करायचंय.' त्यात घरातल्या कुणाचं नाव येऊ देऊ नका, ओटा येऊ देऊ नका. पहिल्या दिवशी काहीच सुचणार नाही. इतक्या वर्षांत असा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. दोन दिवस थांबा, सुचेल. मग तो कागद डॉक्टरांना दाखवा, घरातल्यांना दाखवा आणि व्यायाम करता त्या पलंगासमोर चिकटवा.

आणि कुणा ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला जाल तेव्हा शहाळं जरूर न्या. फक्त स्वयंपाकाचं विचारू नका. 'आज किती वाकला?' असं विचारा, आणि तिची व्यायामाची वेळ झाली असेल तर उठून या.